बाजूच्या बर्थवरचा शेजारी

गेल्या रमजानमध्ये अम्मीला घेऊन रत्नागिरीला निघाले होते. कोकणकन्या पनवेलला येते ती मध्यरात्र उलटल्यावर. मुंबई-ठाण्याहून बसलेली मंडळी तोवर दिवे मालवून झोपलेली असतात. आपण पनवेलकर मात्र बॅगा आपटत, दिवे लावत, नंबर मोठ्याने वाचत डब्यात शिरतो. मीही तशीच शिरले. अम्मीला वरचा बर्थ मिळाला होता. खालच्या बर्थवरच्या तरुणाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मी विचारायच्या आत आपली चादर उचलून तो वर गेला.

सहरीसाठी मी चारचा अलार्म लावला होता. फोन पर्समध्ये, पर्स बॅगेत आणि बॅग बर्थखाली! अलार्म वाजला तेव्हा मला सोडून सगळे जागे झाले. समोरचे आजोबा उठून बसले, दिवा लावला आणि म्हणाले, "बाई, सगळ्यांना उठवलंच आहेत, तर आता उजेडात नीट जेवून घ्या." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

रेल्वेच्या नियमाप्रमाणे झोपेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. 2017 पर्यंत ती नऊपासून धरली जायची. सहानंतर मधल्या बर्थवाल्याने उठून खालच्यांना बसू द्यायचं. आमची सहरी नेमकी या झोपेच्या वेळेत येते. माझा रोजा ही माझी इबादत, पण शेजाऱ्याची झोप मी परस्पर कशी खर्च करणार?

कुरआनातल्या सूरह निसाच्या 36व्या आयतीत ज्यांच्याशी चांगलं वागायचं त्यांच्यात आईवडील, अनाथ, गरजू, जवळचा आणि परका शेजारी यांच्यासोबत बाजूला असलेला सोबतीही येतो. अनेक भाष्यकारांनी त्यात प्रवासातला सोबती धरला आहे. म्हणजे सहा-सात तासांचा का होईना, तोही शेजारीच. प्रवाशाला रोजा नंतर भरून काढायची सवलत आहे, नमाजही आखूड करता येते. धर्म एवढं सैल सोडत असताना आपलेच काही बंधू डब्यातल्या येण्या-जाण्याच्या वाटेत मुसल्ला अंथरतात आणि लेकराला बाथरूमला घेऊन निघालेली बाई खोळंबून उभी राहते, हे मला पटत नाही. उभं राहायला जागा नसेल तर बसून पढायची मुभा आहेच. हे लिहिल्याबद्दल चार फोन येतील, येऊ देत. रात्री अकराला स्पीकरवर रील्स ऐकणारे मात्र सर्वधर्मीय असतात, त्यांना कुणीच काही म्हणत नाही.

त्या पहाटेची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दिवा लागला तशी अम्मी आक्रसली. डब्याचं झाकण तिने अर्धंच उघडलं. ऑगस्ट 2024 मध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध प्रवाशाला मारहाण झाली, त्यांच्याकडे गोमांस असल्याच्या संशयावरून. तो व्हिडिओ तिनेही पाहिला होता. मारणाऱ्यांविरुद्ध कायदा आहे. माझा प्रश्न भरलेल्या डब्यातल्या बाकीच्यांविषयी आहे. आपण पाय पसरू नये, घोरू नये, सांडू नये, हे सगळं शिकवतो. शेजारच्या बाकावर म्हाताऱ्या माणसाला कुणी दरडावत असेल तर उठून उभं राहायचं, हे प्रवासाच्या रीतभातीत आपण कधी शिकवलं? मला स्वतःला ते जमलं असतं का, याची खात्री नाही.

तेव्हापासून अम्मी गाडीत खिमा नेत नाही. तिची सहरी खिम्याची, साठ वर्षांची सवय. त्या पहाटे डब्यात बटाट्याची भाजी होती. आजोबांनी सहज विचारलं, "काय आणलंय?" प्रश्न अगदी साधा होता. अम्मीने उत्तर द्यायला क्षणभर जास्त घेतला, आणि तो त्यांच्याही लक्षात आला असावा. त्यांनी थर्मास पुढे केला. "चहा आहे. कोमट झालाय, चालेल?"

यंदाही जायचंय. फोन व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवणार आहे. डब्यात काय न्यायचं, ते अम्मीने अजून ठरवलेलं नाही.