अंगावर काढलेलं दुखणं अन् दूरचा दवाखाना

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी उठवली. पारावरच्या गप्पांतूनही तो विषय गेला. पण हिंगोली जिल्ह्यापुरता एक प्रश्न उरलाच : दवाखान्यात पोचलेला माणूसही का दगावला?

आफ्रिकेतल्या १० देशांमधील ६४ रुग्णालयांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० साली तिथल्या अतिदक्षता विभागात दाखल झालेल्यांपैकी ४८.२ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले. जगाची सरासरी होती ३१.५ टक्के. विषाणू तोच, पण खाटा, यंत्रे अन् ती चालविणारी माणसे कमी पडली.

आपली तऱ्हा वेगळी नाही. दुसरी लाट आली ती हळद शिजवायच्या दिवसांत. कामाच्या घाईत ताप चार-सहा दिवस अंगावर काढायचा, गावातच सुई घ्यायची, दम लागला की जीप शोधायची. मग सेनगाव नाहीतर कळमनुरी, तिथून हिंगोली, तिथूनही नांदेडचे विष्णुपुरी. प्रत्येक टप्प्यावर रक्तातला प्राणवायू घटत जायचा.

धावाधाव मात्र रेमडेसिव्हिरसाठी झाली. एप्रिल २०२१ मध्ये आमदार संतोष बांगर यांनी त्यासाठी ९० लाखांची ठेव मोडल्याच्या बातम्या आल्या. त्यामागची तळमळ खरीच. पण या इंजेक्शनने मृत्यू फारसे टळत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्येच दिसले होते. पुढे २०२२ मध्ये काही रुग्णांसाठी त्याची शिफारस झाली, तरी ते संजीवनी नव्हतेच. उलट डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात, हे ब्रिटनमधल्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसले होते. अर्थात तेही प्राणवायूची गरज असलेल्यालाच द्यायचे. ऊठसूट दिले तर अपाय.

पैसा असला म्हणजे झाले, असेही नाही. कळमनुरीचे खासदार राजीव सातव १६ मे २०२१ रोजी पुण्याच्या रुग्णालयात गेले. पण वेळेवर प्राणवायू मिळाला तर गरिबाचेही पारडे जड होते. आदिवासी नंदुरबारने दुसऱ्या लाटेआधीच प्राणवायू प्रकल्प उभारून शहाणपण दाखविले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही चांगली गोष्ट. पण नुसत्या पाटीने रुग्ण वाचत नाही. आशाताईंच्या हाती ऑक्सिमीटर चालू आहे का, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री प्राणवायू लावणारी परिचारिका आहे का, यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे. न्यूमोनियाचे पोर अन् साप चावलेला गडी यांनाही तोच प्राणवायू लागतो. त्यासाठी पुढच्या साथीची वाट कशाला पाहायची?