गुटगुटीत बाळ आणि आईची साखर

चार किलोचे बाळ जन्मले की घरी पेढे वाटले जातात. पण आईला गरोदरपणात मधुमेह झाला असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील, तर हे वजन कौतुकाचे नव्हे, काळजीचे असते.

आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. ती वापरण्यासाठी बाळाचे शरीर जादा इन्सुलिन बनवते आणि अंगावर चरबी चढते. अशा बाळाचा खांदा बाळंतपणात अडकू शकतो. नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, इन्सुलिन मात्र लगेच कमी होत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांतच बाळाची साखर घसरून ते मलूल होते, प्रसंगी झटके येतात.

उपचारांनी हे टळते. ऑस्ट्रेलियातील २००५ च्या अभ्यासात उपचार घेतलेल्या मातांच्या बाळांमधील गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली.

‘भात लावणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या बायकांना कसला आलाय मधुमेह?’ असे भोर-वेल्ह्याकडे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असे दिसले. तेव्हा सडपातळ अंगकाठीवर विसंबून चालणार नाही.

तपासणी सोपी आहे. उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० किंवा अधिक आली तर मधुमेह समजून उपचार सुरू करतात. पहिली तपासणी नाव नोंदवताना आणि ती ठीक आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, असा सरकारी नियम आहे.

आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. दुसऱ्या तपासणीचा काळ म्हणजे सहावा-सातवा महिना. नेमके तेव्हाच डोहाळजेवण होऊन लेक माहेरी जाते. सासरच्या आशाताईंच्या वहीत नाव राहते, माहेरच्या वहीत ते नसते, आणि तपासणी व उपचार दोन्ही मध्येच तुटतात. म्हणून ओटी भरून पाठवणी करताना तपासणीचे कार्डही सोबत द्यावे. माहेरच्यांनी पहिल्याच आठवड्यात ते आपल्या उपकेंद्रात दाखवावे. दोन्हीकडच्या आरोग्य सेविकांनी एकमेकींना कळवण्याची पद्धतही पडली पाहिजे.

मधुमेह निघाला तरी घाबरू नये. बहुतेकींचे आहार आणि चालण्यावर भागते. भात थोडा कमी, डाळ-उसळ व पालेभाजी जास्त, आणि थोडे थोडे अनेकदा खावे. दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली नाही तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिन बाळाला बाधते ही समजूत चुकीची आहे. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. जाते ती साखर.

अशा आईचे बाळंतपण रुग्णालयातच व्हावे. बाळाला मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी न देता तासाभरात अंगावर पाजावे आणि त्याची साखर तपासून घ्यावी. सहा आठवड्यांनी आईचीही पुन्हा तपासणी करावी, कारण हा मधुमेह पुढे कायमचा परत येण्याचा धोका असतो.