उकल म्हणजे अर्थ नव्हे

मराठी विभागांतील समीक्षाविचाराची एक मोठी विसंगती अशी की, ‘वाचक’ ही संकल्पना आपण अभ्यासक्रमात आदराने आणली आणि प्रत्यक्ष वाचकाला मात्र वर्गाबाहेर उभे केले. आयझरचा संहितेत गृहीत धरलेला वाचक, फिशचे अर्थ लावणारे समूह, बार्थच्या लेखकमृत्यूनंतर जन्मणारा वाचक यांवर आपले विद्यार्थी टिपणे लिहितात. हेच विद्यार्थी एखाद्या दूरचित्रवाणी मालिकेतील गूढाविषयी तासन् तास तर्क लढवतात, तेव्हा मात्र त्या व्यापाराला ‘अर्थनिर्णयन’ म्हणण्याची आपली तयारी नसते. प्रस्तुत लेखाचा रोख या दुटप्पीपणावर आहे; तसाच तो, प्रेक्षकांच्या प्रत्येक अंदाजाला ‘पर्यायी वाचन’ म्हणून आरती ओवाळणाऱ्या नव्या उत्साहावरही आहे.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेऊ. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. सिंधुदुर्गातील नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यानिमित्त एकत्र आलेले कुटुंब आणि पाठोपाठ घडणाऱ्या अतर्क्य घटना, ही तिची मांडणी. कोकणाचे अंधश्रद्ध चित्र रंगवले जाते म्हणून तिच्यावर आक्षेपही घेतले गेले. वसमत-कळमनुरीकडच्या प्रेक्षकाला तिच्यातील मालवणी परकी होती. तरीही हिंगोली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात त्या वर्षी भुताचा की माणसाचा हात, कोण काय लपवतो, कोणाचा कोणता शब्द खरा, यांवर जे वाद ऐकू आले, तेवढे जी. एं.च्या कथेवर वर्गात कधी झाले नाहीत. परकी बोली कान देऊन ऐकणे, आधीच्या भागातील तपशील ध्यानात ठेवणे, प्रतिपक्षाचा पुरावा खोडणे ही कौशल्ये समीक्षेची नव्हेत, तर मग कोणाची?

तुच्छतावादी यावर म्हणतील की, हा कोड्याचा खेळ आहे, साहित्यास्वाद नव्हे. या आक्षेपाचे उत्तर आपल्याच काव्यशास्त्रात आहे. अकराव्या शतकातील महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनी हा स्वतंत्र व्यापार नसून त्याचा अंतर्भाव अनुमानातच होतो, अशी भूमिका घेतली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तिचे खंडन केले आणि त्यासाठी जी गाथा चर्चेला घेतली, ती महाराष्ट्री प्राकृतातील, गोदावरीकाठची आहे. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की, तुम्ही आता खुशाल फिरा. तुम्हाला भिववणारे कुत्रे गोदातीरच्या कुंजातील सिंहाने मारले. शब्दांत परवानगी आहे, सूचना मात्र ‘इकडे फिरकू नका’ अशी आहे. महिमभट्ट म्हणेल की, सिंह म्हणजे भय आणि भय म्हणजे निवृत्ती, हे सरळ अनुमान झाले. मम्मट विचारतो : भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने वा प्रेमापोटी भयस्थानी जात नाही काय? कुत्र्याला बिचकणारा सिंहाला भिणार नाही, असे संभवत नाही काय? आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, सिंह आहे हे कशावरून? ते केवळ त्या स्त्रीच्या शब्दावरून कळते, आणि तिचे वचन खरेच असेल याला प्रमाण कोणते?

मालिकेविषयीच्या बहुसंख्य तर्कांची मर्यादा याच प्रश्नात दिसते. तर्क लढवणारा प्रेक्षक पडद्यावरील प्रत्येक वस्तू व प्रत्येक वाक्य धूर मानतो आणि त्यावरून अग्नी सिद्ध करू पाहतो. वाड्यातला विसराळू पांडू काही सांगतो किंवा विसरतो. त्याचे विसरणे हा पुरावा मानायचा, वेड मानायचे की बतावणी? मालिकेची भीती या अनिश्चिततेत आहे. पांडूला ‘साक्षीदार’ करून टाकणारा तर्क ती भीती गमावतो. तथापि जो विद्यार्थी ‘पांडूवर विश्वास का ठेवावा?’ असे विचारतो, तो कळत नकळत मम्मटाच्या पक्षात येऊन बसलेला असतो. उत्सववादी अभ्यासक या दोघांत फरक करत नाहीत. सर्व अंदाज समान मानणे ही लोकशाही नव्हे. ती अभ्यासकाची कामचुकारी होय.

उकल हाच अर्थ असता, तर उकलीबरोबर रस संपला असता. प्रत्यक्षात काय घडले? पहिले पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपले. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व कथाकाळात मागे गेले आणि पहिल्या पर्वाच्या आरंभीच मेलेले अण्णा त्यात जिवंत होते. त्यांचा शेवट प्रेक्षकांना आधीच माहीत होता. तरीही अण्णा आणि शेवंता घराघरांत पोहोचले. याउलट, १९९० साली अमेरिकेत सुरू झालेल्या डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामरचा खुनी कोण हे दुसऱ्या पर्वात उघड झाले, प्रेक्षक ओसरले आणि १९९१ मध्ये मालिका थांबली. २०१७ मध्ये ती अठरा भागांत परतली आणि एका नव्या प्रश्नावर संपली. २०२५ साली निवर्तलेल्या लिंचने स्पष्टीकरण देण्याचे अखेरपर्यंत टाळले. दोन्ही उदाहरणांचा निष्कर्ष एकच : उकल कळल्यावरही जे उरते, तेथे अर्थाचा शोध सुरू होतो.

ही जाणीव आमच्या परिसराला नवी नाही. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि विसोबा खेचरांची आठवण सांगणारे औंढा नागनाथ ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यातली. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा, ते पाय उचलून ठेवू पाहणारे नामदेव आणि पाय जातील तिथे दिसणारी पिंड, ही कथा इथल्या श्रोत्याला पाठ असते. कीर्तनात तो पुढे काय होते हे जाणून घ्यायला बसत नाही. निरूपणकार या खेपेला त्यातून काय काढतो, हे ऐकायला बसतो.

मग या श्रोत्याच्या नातवंडांना आम्ही काय शिकवतो? चहाच्या टपरीवर पांडूच्या एका वाक्यावरून तीन जणांशी भांडणारा विद्यार्थी परीक्षेत ग्रेसच्या कवितेवर गाइडमधला परिच्छेद उतरवतो, कारण ‘खरा’ अर्थ गाइडमध्ये असतो, हे त्याला आम्हीच पटवलेले असते. मर्ढेकरांच्या कवितेपासून दुर्बोधतेवर वाद घालणाऱ्या मराठी समीक्षेने दुर्बोधतेपुढे न घाबरणारा हा वाचक ओळखू नये, हे तिचे अपयश आहे. खेड्यातून आलेल्या मुलाचा स्वतःच्या वाचनावरील विश्वास त्यात खर्ची पडतो.

म्हणून मागणी साधी आहे. या तर्कांना वर्गात आणावे आणि त्यांना तीन प्रश्न विचारावेत : पुरावा कोणता? तो देणारा विश्वसनीय आहे काय? आणि तुमचा तर्क खरा ठरला, तर पाहण्यासारखे काय उरते? तिसऱ्या प्रश्नापाशी जो विद्यार्थी अडखळून विचार करू लागेल, त्याला आयझर समजावून सांगणे मुळीच कठीण नाही.