हसण्यावारी

सोनईला आमच्या गटाची बैठक महिन्यातून दोनदा भरते. हजेरी, हप्ते, कर्जाचे अर्ज उरकले की अर्धा तास वाचन. मी वाचते, बाकीच्या ऐकतात. हात मात्र रिकामे नसतात, कुणी मेथी निवडत असते, कुणी गोधडीला टाके घालत असते. गेल्या हिवाळ्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' नेली. खरं सांगते, धाकधूक होती. १८६८ सालचा जन्म, सोवळ्याओवळ्याच्या ब्राह्मण घरातली मुलगी, पुढं ख्रिस्ती झालेली, एका नामांकित कवीची बायको. आपल्याच नगर-राहुरीत राहिलेली असली तरी ऊस खुरपणाऱ्या बायांना तिचं काय?

पहिल्याच दिवशी सगळ्या पोट धरून हसल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. मीठसुद्धा! "मंग मीठ उरायचं कुठं, पाणीच की सारं," एकीनं हिशेब मांडला. हसू ओसरतंय तोवर मागून एक वयस्क मावशी म्हणाल्या, "आपल्या शिंगणापुरात दुधानं धुतलं, ते तरी काय येगळं व्हतं?"

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई शनीच्या चौथऱ्यावर चढली म्हणून तिथं दुधाचा अभिषेक घालून शुद्धी केली होती. पुढं आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये चौथरा बायकांना खुला झाला. त्या दिवसांत मी नुकतीच कामाला लागले होते. याच गटात मोठ्या उत्साहानं विषय काढला, तर सगळ्या गप्प. "देवाचं कशाला काढता ताई?" एवढंच उत्तर मिळालं. शिबिरातल्या भाषणानं जे झालं नाही ते धुतलेल्या मिठानं झालं.

मोठ्या माणसांच्या गमतीदार आठवणी लोकांना का आवडतात, हे मला त्या दिवशी थोडं कळलं. ज्याच्या नावापुढं रेव्हरंड लागतं, ज्याच्या कविता पोरांच्या पुस्तकात असतात, तो घरात कसा वागतो हे बायकोच्या तोंडून ऐकायला मिळतं. न सांगता निघून जाणारा, हातचे पैसे दुसऱ्याला देऊन टाकणारा, क्षणात तापणारा. "म्हंजे आमच्यासारखाच," हे कुणी तरी म्हणतंच. आपल्या घरातलं बोलायची लाज वाटते, टिळकांच्या घरातलं बोलायला कसली लाज? आणि लक्ष्मीबाई शेजारच्या ओट्यावर बसून बोलावं तसं लिहितात.

पण माझी एक सहकारी मैत्रीण याला नाक मुरडते. तिचं म्हणणं, हसलं की राग निवतो, आणि राग निवला की बाई पुन्हा चुलीपुढं. तिचं अर्धं मला पटतं. टिळकांनी १८९५ मध्ये बायकोला मागं ठेवून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची तिची वर्षं काय यातनेची होती ते पुस्तकातच आहे. जातीच्या विटाळाशी स्वतःच्या मनात झगडून १९०० मध्ये ती आपल्या पायांनी त्या धर्मात गेली. तरी पुस्तक मिटताना वाचकाला टिळक लोभस वाटतात. ही विनोदाची करामत आणि त्याचीच खोट. सुनीता देशपांड्यांनी १९९० मध्ये 'आहे मनोहर तरी' लिहिलं. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या नवऱ्याबद्दल, तो हयात असताना, हसून वेळ मारून न नेता लिहिलं. तेव्हा केवढे जण दुखावले!

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला केस कशी लिहायची ते शिकवलं, बाईच्या हसण्याचं काय करायचं ते नाही शिकवलं. काही वर्षांपूर्वी एका बाईबरोबर मी तक्रार द्यायला गेले होते. नवऱ्यानं ताट फेकून मारलं, हे ती हसत सांगत होती. "बरं झालं, आमटी गार व्हती." समोरचे साहेबही हसले. घरगुती आहे, समजुतीनं घ्या म्हणाले, आणि नोंद झाली नाही. तिच्या कपाळावर टाके होते. ते दिसत असतानाही तिचं हसू हाच पुरावा धरला गेला. मीही त्या क्षणी किंचित हसले होते, हे मला अजून खुपतं.

म्हणून आता वाचताना मध्येच थांबते. हसून झालं की विचारते, ह्या गमतीचे पैसे कुणी भरले? बाया आधी वैतागायच्या, आता त्याच एकमेकींना विचारतात. केसच्या कागदावरही बाई हसत बोलली तर तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवते आणि खाली जखम लिहिते.

मागच्या बैठकीत नवीन लग्न होऊन आलेली एक सून, तोवर कधी तोंड न उघडलेली, म्हणाली, "ताई, हिनं हे लिहिलं तव्हा तो जित्ता व्हता का?"

म्हटलं, नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, पुस्तकाचा पहिला भाग १९३४ चा.

"तरीच," ती म्हणाली, आणि मेथीची पुढची जुडी ओढून घेतली.