धाकाचा हिशेब द्या : गृहविभागास खुले पत्र

प्रति, गृहविभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये संमत केली. मात्र 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यातील कठोर शिक्षांनी व्यसन किती घटले, याचे उत्तर त्या दुरुस्तीत नाही.

त्या कायद्यात किमान अनिवार्य शिक्षा, म्हणजे जिच्याखाली उतरण्याची मुभा न्यायाधीशालाही नसते अशी शिक्षा, व्यापारी प्रमाणासाठी, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्यासाठी, दहा वर्षांची आहे. 1989 पासून ठरावीक गुन्हे पुन्हा करणाऱ्यास मृत्युदंडही अनिवार्य होता. त्याची अनिवार्यता मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये अमान्य केली. इतक्या धाकाखाली काय घडले? 2004 च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 0.7 टक्के होते, तर एम्सच्या 2019 च्या अहवालात ते पुरुषांत सुमारे 4 टक्के आणि स्त्री-पुरुष मिळून 2.06 टक्के, म्हणजे 2.26 कोटी माणसे, असे आढळले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने वाढीचे नेमके माप काढता येत नाही, पण घट झाल्याचा दावा या आकड्यांवर कोणालाही करता येणार नाही. त्याच अहवालानुसार सुमारे 77 लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज होती.

पनवेल तालुक्यातील आजिवली येथे जुलै 2022 मध्ये दुबईहून आलेल्या कंटेनरमधून 72 किलोंहून अधिक हेरॉईन जप्त झाले. हेरॉईनचे व्यापारी प्रमाण 250 ग्रॅम आहे. हा साठा त्याच्या सुमारे 290 पट होता, आणि दहा वर्षांच्या तुरुंगवासाच्या भीतीने तो अडला नाही. तो अडला पंजाब पोलिसांनी दिलेल्या माहितीमुळे. गुन्हेगाराला रोखते ती सापडण्याची खात्री, शिक्षेची लांबी नव्हे, ही गुन्हेशास्त्रातील जुनी जाण पनवेलच्याच भूमीवर दिसून आली असताना विभाग शिक्षेचाच धाक वाढवत आहे. न्यूयॉर्क राज्याने 1973 मध्ये असेच कायदे केले आणि 2009 मध्ये त्यांतील बहुतेक अनिवार्य शिक्षा मागे घेतल्या.

एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पनवेल ज्यात येते त्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे संरक्षण किती जणांना मिळाले, अल्प प्रमाणाचे व व्यापारी प्रमाणाचे गुन्हे किती, दोषसिद्धी किती, हे आकडे विभागाने वर्षनिहाय जाहीर करावेत. ते जाहीर होईपर्यंत धाकाच्या नावाने आणखी एकही शिक्षा वाढवण्याचा नैतिक अधिकार विभागास नाही.