काहील, द्राक्षवेल आणि रापण

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात. मुरगूड परिसरात, वेदगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात, गुऱ्हाळाचा धूर म्हणजे दिवाळी आल्याची खूण. चुलवाणात चिपाडे सरकवली जातात, भेंडीच्या चिकाने काहिलीतली मळी वर येते आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेनेच ठरवतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. ती बापाशेजारी, काकाशेजारी उभे राहून येते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळे मात्र कमी होत चालली आहेत. नाव राखले गेले, हात राखायचे राहिले. यंदाचा अंक अशा घरच्या आणि गावकीच्या धंद्यांना वाहिला आहे, तो याच काळजीपोटी.

गुऱ्हाळे पेटतात त्या सुमारास नाशिककडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी झालेली असते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास काडीसाठी खरड छाटणी, पाऊस सरता फळासाठी गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी, असे इथले वेळापत्रक आहे. वाईनची परदेशी वाणेही याच वेळापत्रकात बसवावी लागली.

नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसती वाईन करून दाखवली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आंबा, गुलाब असे प्रयोग करून १९९७ मध्ये त्यांनी वाईनची द्राक्षे लावली आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि अनेक कुटुंबे या धंद्यात उतरली. गंगापूर धरणाजवळच्या 'यॉर्क' वायनरीचे नावच मुळी संस्थापकांच्या तीन मुलांच्या आद्याक्षरांतून घडले. २०२१ मध्ये ती 'सुला'ने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी 'सुला' शेअर बाजारात गेली. घरची वायनरी मोठ्या कंपनीकडे गेली, यात कोणाचा दोष नाही. द्राक्ष वर्षातून एकदा येते, वाईन महिनोन्‌महिने टाकीत आणि पिंपात थांबते. तेवढा काळ अडकलेला पैसा सोसणे लहान घराला जड जाते.

निपाणीहून मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी करत निघालेला रस्ता फोंडा घाट उतरून देवगडच्या समुद्राला भिडतो. त्या किनाऱ्यावर, मालवण-वेंगुर्ल्याकडे, अजून रापण ओढली जाते. होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि पाचपन्नास माणसे ते ओढतात. बांगडा, तारली, जे मिळेल त्याचे वाटे पडतात. रापण एकट्याची नसते. जाळ्यात, होडीत, श्रमात ज्याचा जसा हिस्सा, तसा त्याचा वाटा. इंजिन लागत नाही आणि पल्ला किनाऱ्यापुरताच असतो.

संकट आले ते समुद्राच्या बाजूने. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, तेव्हा सत्तरच्या दशकात गोव्यातले रापणकार माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. त्यानंतर गोव्याने १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारीचे कायदे केले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने मासळीचा थवा समुद्रातच वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतातली मासेमारी बंद केली. तरीही सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार आजही अंमलबजावणीच मागत आहेत. मासळीचा थवा बाहेरच्या बाहेर उचलला गेला, तर किनाऱ्यावरच्या दोराला उरते काय?

गुळव्याची नजर, बागाईतदाराची छाटणी आणि रापणकाराचा वाटा हे तिन्ही त्या त्या मातीचे नि पाण्याचे ज्ञान आहे. ते टिकवायला सत्कार पुरणार नाहीत. गुऱ्हाळाला कामगार आणि परवडणारा दर, लहान वायनरीला सोसेल असे भांडवल आणि रापणीला कायद्याचा खरा पहारा हवा आहे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. पाडव्याला गूळ घेताना तो कोणत्या गुऱ्हाळातला, हे दुकानदाराला विचारा. सुट्टीत मालवणला गेलात तर सकाळी किनाऱ्यावर जा, रापण ओढली जात असेल तर मासळी तिथेच घ्या. आणि आपल्या घरात असा एखादा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल, तर घरातल्या जाणत्यांना विचारून त्याची रीत लिहून आम्हाला पाठवा.