विश्लेषण : हिमोफिलियाच्या रुग्णाची जबड्याची शस्त्रक्रिया नेमकी कुठे अडते?

दाढ काढून तीन दिवस झाले, तरी उशीवर रक्ताचे डाग पडतात. ही तक्रार दंतवैद्यांना नवी नाही. बहुतेकदा कारण साधे निघते. टाका सैल झालेला असतो, किंवा रुग्णाने नको सांगूनही चुळा भरलेल्या असतात. काही घरांत मात्र त्या दाढेमुळेच पहिल्यांदा कळते की मुलाला हिमोफिलिया आहे. सौम्य हिमोफिलियात रोजच्या जगण्यात काहीच जाणवत नाही. रक्तातल्या फॅक्टरचे प्रमाण ५ ते ४० टक्के असले की माणूस क्रिकेट खेळतो, नोकरी करतो आणि थेट अक्कलदाढेला अडकतो.

आपल्याकडे दाढ काढण्याआधी ‘बीटी-सीटी करून या’ असे सांगण्याची पद्धत आहे. ती आता सोडायला हवी. बीटी, म्हणजे टोचल्यानंतर रक्त थांबायला लागणारा वेळ, हिमोफिलियात बहुधा सामान्यच येतो. सीटी ही चाचणी इतकी ढोबळ आहे की सौम्य आजार तिच्यातून सहज निसटतो. अहवालावर ‘नॉर्मल’ लिहून येते, डॉक्टर निश्चिंत होतात आणि रुग्णही. त्यापेक्षा एपीटीटी ही चाचणी बरी, पण सौम्य रुग्णात तीही फसवू शकते. सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी तपासणी प्रश्नांची आहे : पूर्वी दात काढला तेव्हा किती दिवस रक्त आले? सुंता किंवा एखादी छोटी शस्त्रक्रिया झाली तेव्हा काय घडले? मामाला किंवा मावसभावाला असा त्रास होता का? बाई असेल तर पाळीत किती रक्त जाते? हा शेवटचा प्रश्न दातांच्या दवाखान्यात कुणी विचारत नाही. पण फॉन विलेब्रँड हा विकार स्त्रियांनाही होतो आणि त्याची खूण अनेकदा तिथेच असते.

तोंडातच एवढा धोका का?

जखमेवर रक्ताची गुठळी धरणे ही अर्धीच लढाई असते. लाळेत गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात, शिवाय जीभ, अन्न आणि चावणे यांचा मारा सुरूच असतो. म्हणून पहिल्या दिवशी थांबलेले रक्त चौथ्या दिवशी पुन्हा सुरू होते. इथे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड कामाला येते. जपानमध्ये उटाको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेले हे औषध गुठळी विरघळू देत नाही. गोळ्या आणि त्याच औषधाची चूळ पाच-सात दिवस घेतली, जखमेत विरघळणारी जाळी ठेवून नीट टाके घातले, तर साध्या दात काढण्यासाठी फॅक्टरचा एखादाच डोस पुरतो. चूळ मात्र जोरात खळखळवायची नाही. औषध तोंडात धरून ठेवायचे आणि हळूच बाहेर सोडायचे.

जबड्याची शस्त्रक्रिया ही वेगळीच गोष्ट आहे. दुचाकीवरून पडून खालचा जबडा मोडला, तर हाड जुळवून धातूची पट्टी बसवावी लागते आणि काही वेळा वरचे-खालचे दात तारेने बांधून तोंड बंद ठेवावे लागते. अशा वेळी भूल देणारी नळी नाकातून घालतात, आणि नाकाची आतली त्वचा जरा घासली तरी भळभळते. खालची दाढ बधिर करायला जबड्याच्या मागे खोलवर दिले जाणारे इंजेक्शनही फॅक्टर न देता टोचले, तर आत रक्त साठून घशाकडे सूज पसरते आणि श्वास कोंडू शकतो. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी फॅक्टर, मग सुई.

हिशेब थोडा समजून घेऊ. फॅक्टर ८चे एक युनिट दर किलो वजनामागे दिले की पातळी साधारण २ टक्के वाढते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ती ८० ते १०० टक्क्यांवर न्यावी असे जागतिक मार्गदर्शन आहे. तीव्र आजाराच्या ५० किलोच्या रुग्णाला ८० टक्क्यांसाठी पहिल्याच डोसला २००० युनिट लागतात. त्याचा अर्धा भाग ८ ते १२ तासांत संपतो, म्हणजे पुन्हा डोस, आणि हे अनेक दिवस चालते. फॅक्टर ९च्या कमतरतेत दर युनिटमागे वाढ निम्मीच होते, पण तो शरीरात जास्त टिकतो. फॅक्टरविरुद्धच शरीराने प्रतिपिंडे तयार केली असतील, तर हा सारा हिशेब कोलमडतो आणि वेगळी, फार महाग औषधे लागतात. ती चाचणी शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवी. एमिसिझुमॅब हे नवे इंजेक्शन घेणाऱ्यांची एपीटीटी तर औषधामुळेच सामान्य दिसते. अहवाल पाहून ‘हा बरा झाला’ असे समजणारे डॉक्टर निघू नयेत म्हणून रुग्णाने ते आपणहून सांगावे.

मग अडते कुठे?

शस्त्रक्रियेचे तंत्र आपल्याकडे आहे, अडते ते समन्वयात. जबड्याचा सर्जन एका इमारतीत, रक्तविकारतज्ज्ञ दुसऱ्या शहरात, फॅक्टरचा साठा तिसऱ्याच ठिकाणी. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, सरकारी केंद्रांवर मोफत फॅक्टरही मिळतो. पण तिथे गुडघ्यातला रक्तस्राव घेऊन येणारा रुग्ण दाताचे नाव काढायला कचरतो, कारण दोन दवाखान्यांनी त्याला आधीच परत पाठवलेले असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, त्याने प्रमाणपत्र मिळू लागले. दातांच्या खुर्चीपर्यंत मात्र तो कायदा पोहोचलेला नाही. या केंद्रांवर आठवड्यातून एक दिवस दंतवैद्य बसवणे एवढी माफक मागणी आहे. किडलेल्या दातात वेळेवर भरणी केली की बहुतेक वेळा फॅक्टर लागतही नाही. तोच दात सडून जबड्यात गळू झाले, की हजारो युनिट खर्च होतात. सरकारी तिजोरीलाही हे स्वस्त पडेल.

तोवर घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. दुखतेय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, पॅरासिटामॉल चालते. आणि स्नायूत इंजेक्शन घेऊ नये. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी हा लेख वाचून, दाढ काढायची म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. ती कुणी आणि कधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.